यमक-साधने, गीतलेखनाची

गीतकाराला जुळते शब्द सुचवणारी, मात्रा मोजणारी, मसुदे जपणारी संगणकावरची वा मोबाइलवरची साधने. इंग्रजीत ‘ऱ्हाइमझोन’ १९९६ पासून चालू आहे. ‘मास्टररायटर’ विकत मिळते. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे अशा साधनांना उच्चारकोश लागतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अशा कोशात सव्वा लाखाहून अधिक इंग्रजी शब्द आहेत. मराठी गीतकाराला या साधनांचा उपयोग नाही.

मराठीत लेखन उच्चाराच्या जवळ असल्यामुळे शब्दांची यादी शेवटच्या अक्षराकडून लावली, तरी निम्मे काम होते. मात्र अशी यादी डोळ्याला जुळणारे देते, कानाला नव्हे. ‘राजा’ आणि ‘ताजा’ यांतला ‘ज’ लिहिताना एक, बोलताना दोन. ‘जाळले’ आणि ‘पोळले’ यादीत शेजारी येतील. पण गझलेत काफियातल्या (यमकातल्या) न बदलणाऱ्या अक्षरांआधीचा स्वर, म्हणजे अलामत, सांभाळावी लागते आणि तिथे ही जोडी बाद होते. हा नियम सुरेश भटांच्या ‘गझलेची बाराखडी’त सोपा करून दिला आहे. प्रत्ययांची यमके (करतो, धरतो, सरतो) तर यंत्र ढिगाने पुरवते. ती मोरोपंतांना किंवा ‘यमक्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वामन पंडितांना पुरली नसती.

मात्रा मोजणे यंत्राला जमते: लघूची एक, गुरूच्या दोन. अडते जोडाक्षरापाशी. ‘सत्य’मधला ‘स’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो लघूच राहतो. साधन पारखायला हे दोन शब्द पुरेत. माधव जूलियनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ अजूनही शेजारी असावा.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरला बसून भीमगीत, भजन किंवा लग्नातले गाणे लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्या तोंडी ‘करायलो’, ‘जायलो’ आहे, ‘पाणी’चे ‘पानी’ आहे, ‘केले’चे ‘केलं’ आहे. प्रमाण भाषेच्या कोशावर उभे राहिलेले साधन यातले काही शब्द ओळखत नाही, उरलेले दुरुस्त करून टाकते. म्हणून स्वतःचे शब्द भरता येतात की नाही, हे किमतीआधी पाहावे. मराठवाड्यातला लिहिणारा उर्दू-दखनीचे शब्दही सहज वापरतो. तेही यादीत हवेत.

बोलीतल्या यमकांसाठी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह पाहावा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या या कामात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने अख्खे कडवे लिहून देतात, पण मात्रा चुकवतात आणि तीच ती यमके पुढे करतात.

सुरुवात करणाऱ्याने पैसे मोजू नयेत. मोबाइलमधली टिपणवही, आवाज नोंदवण्याची सोय आणि स्वतः वाढवत नेलेली शब्दांची उलटी यादी एवढ्यावर गाणे उभे राहते.