आवंढा थांबत नाही: मानेच्या एमआरआयचा छोटा इतिहास

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्यानंतरच्या वर्षांत पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कारखान्यांत जी तरुण पोरं कामाला लागली, ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या आतून चरबी साचून अरुंद होतात त्या याच वयात. म्हणून आजचा विषय आपल्या घरातलाच आहे.

१९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या 'नॅसेट' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पक्षाघाताची लक्षणं नुकतीच येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा मोठा फायदा होतो, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून टक्केवारीवर निर्णय ठरू लागला. आता बघा, चित्र हललेलं असेल तर मध्यम अरुंद धमनीही फार अरुंद भासू शकते. मग नको त्या माणसाच्या मानेवर सुरी चालण्याची भीती.

लेथवर काम केलेल्यांना हे चटकन कळेल. चकमध्ये जॉब सैल बसला की तो थरथरतो आणि फिनिशिंग जातं. उपाय काय? चक आवळा. एमआरआयमध्येही आपण तेच करतो: डोक्याला पट्टा, मानेला दोन्ही बाजूंनी उशा. पण माणूस श्वास घेतो, आवंढा गिळतो, धमनी दर ठोक्याला फुगते. हे कसं आवळणार?

अडचणीचं मूळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं चित्र मिळवलं. १९७५ मध्ये झुरिकला अनिल कुमार, वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट यांनी आजच्या एमआरआयचा पाया ठरलेली पद्धत मांडली. हे अनिल कुमार पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. या पद्धतीत चित्र एका क्लिकमध्ये निघत नाही. ओळीमागून ओळ मोजायची आणि शेवटी गणितानं चित्र उभं करायचं. एक ओळ काही मिलिसेकंदांत वाचून होते, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत काही मिनिटं जातात. मधे आवंढा गिळला की ओळी जुळत नाहीत. चित्र फिसकटतं किंवा धमनीच्या शेजारी तिच्याच खोट्या सावल्या उमटतात.

तेव्हा तज्ज्ञांनी माणूस आवळायचा सोडून मोजणी बदलायला घेतली. घशाच्या पुढच्या भागाचा सिग्नल आधीच मारून टाकायचा, म्हणजे तो हलला तरी चित्रात येत नाही. मोजणी हृदयाच्या ठोक्याशी बांधायची. १९९० च्या दशकात मार्टिन प्रिन्स यांनी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन धमन्या पटकन टिपायची पद्धत रुजवली, आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. १९९९ मध्ये दोन गोष्टी पुढे आल्या. प्रूसमान आणि सहकाऱ्यांनी अनेक कॉइल एकत्र वापरून कमी ओळींत चित्र काढलं. जेम्स पाइप यांनी ओळींचे पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे फिरवले. प्रत्येक पातं मधूनच जातं, त्यामुळे पाती एकमेकांशी ताडून हालचाल ओळखता येते आणि दुरुस्तही करता येते.

वाटलं, प्रश्न सुटला. पण २००६ मध्ये कळलं, की मूत्रपिंडं फार बिघडलेल्या रुग्णांत काही जुन्या गॅडोलिनियम औषधांमुळे त्वचा ताठरवणारा गंभीर आजार होऊ शकतो. आणि मधुमेह-रक्तदाबाच्या ज्या रुग्णांच्या धमन्या तपासायच्या, त्यांचीच मूत्रपिंडं पुष्कळदा थकलेली असतात! म्हणजे इंजेक्शनशिवायच्या, जास्त वेळ चालणाऱ्या तपासणीची गरज संपली नाही, आणि त्यासोबत आवंढाही परत आला.

म्हणून आजही सगळ्यात स्वस्त उपाय बोलण्याचा आहे. चाकणच्या पट्ट्यात मराठवाड्यातला माणूस येतो, बिहारमधलाही येतो. "हलू नका" एवढं सांगून भागत नाही. मोठा आवाज कधी सुरू होईल, किती मिनिटं चालेल आणि मधल्या शांततेत आवंढा गिळून घ्या, हे त्याच्या भाषेत आधी सांगावं लागतं. आपल्या वडिलांना तपासणीला नेताना आपणही तंत्रज्ञांना एवढं जरूर विचारू या: "आवंढा कधी गिळायचा?"