आगकाड्यांची मौज आणि पोळ्याचे बैल

पहिले महायुद्ध पेटल्यावर भांडवलदारांनी हात आखडते घेतले आणि नाशिकच्या कारखान्यात मोठे पौराणिक चित्रपट काढणे दादासाहेब फाळके यांस दुर्घट झाले, तेव्हा १९१५ च्या सुमारास त्यांनी जो जिन्नस चित्रणासाठी निवडला तो घरोघरी चुलीपाशी सापडणारा होता. ‘आगकाड्यांची मौज’ हा तो लघुपट. काडी तसूभर सरकवावी, हात बाजूस घ्यावा, एकच चित्र टिपावे आणि पुन्हा काडी सरकवावी, असा हा व्यवहार; सेकंदास सोळा चित्रांचा हिशेब धरला तरी एका मिनिटाच्या मौजेस ९६० चित्रे लागतात, आणि मध्येच कोणाचा धक्का लागला की आधीची सारी मेहनत वाया! फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ सालीच काड्यांस असे चालविले होते. परंतु फाळक्यांस ही युक्ती सर्वस्वी नवखी नव्हती. १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोड्याथोड्या अवकाशाने टिपून त्यांनी जो मिनिटभराचा चित्रपट केला, तो पाहूनच यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारखे धनको कर्ज द्यावयास राजी झाले होते.

या साऱ्याचे श्रेय इतिहासाच्या दप्तरात एकट्या फाळक्यांच्या नावे दाखल आहे, हे मला रास्त वाटत नाही. कच्च्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई नसत्या, तर त्यांचा चित्रपटाचा संसार उभाच राहिला नसता. निर्जीव वस्तू तसूतसूने सरकवून चालविण्याची ही कला मुळातच घरच्या माणसांची, एकमेकांच्या हाताखाली राबण्याची आहे.

अशा कलेस लागणारा जिन्नस इकडे आमच्याही घरोघरी पोळ्याला सापडतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर छत्तीसगडात आलेली आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यापायी आलेली मराठी माणसे पोळा विसरलेली नाहीत. नागपूरकडचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आणि छत्तीसगडचा मातीच्या चाकांचा नांदिया बैल ही तर सख्खी भावंडेच. भिलाईच्या कोहका भागातील आईबापांस माझी एवढीच विनंती, की यंदा पूजा आटोपल्यावर हे बैल फडताळात ठेवू नयेत. त्या आगकाड्यांप्रमाणेच एका पोराने बैल सरकवावा, दुसऱ्याने उजेड सांभाळावा, तिसऱ्याने मोबाइलवर चित्र टिपावे, आणि थोरांनी त्यांच्या मध्ये हात घालू नये.