शून्य मतं की नोंदच नाही? : मतदाराची नाराजी इतिहासात कशी शोधायची

"सगळे सारखेच. कुणालाही द्या, काय फरक पडतो?" नामपूरच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणाऱ्या कुणाही शेतकऱ्याशी निवडणुकीचा विषय काढा, पाच मिनिटांत हे वाक्य ऐकायला मिळेल. अमेरिकेतल्या मतदारांच्या मुलाखती वाचल्या तर तिथंही सूर हाच असतो : दोनच पक्ष, दोघांवरही भरवसा नाही. आपल्याकडे यासाठी जुना शब्दप्रयोगच आहे, उडदामाजी काळे-गोरे.

पण संशोधनाच्या तयारीला लागलेल्या विद्यार्थ्यासाठी खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. ही नाराजी मोजायची कशी? पन्नास वर्षांपूर्वीच्या मतदाराची नाराजी कोणत्या कागदावर सापडेल? हल्ली यावर तयार उत्तर मिळतं : "नोटाचे आकडे काढ." मुलं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून आकडे उतरवतात, तक्ता करतात आणि निष्कर्ष लिहून मोकळी होतात. हा रस्ता अर्धाच का आहे, ते या लेखात आपल्या भागातल्या उदाहरणांवरून बघू.

आधी आकड्याचा इतिहास

कुठलाही आकडा वापरण्याआधी तो कधीपासून आणि कशासाठी नोंदवला जाऊ लागला, हे बघायचं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. पेटीवर चिन्ह, आणि मतदारानं आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत शिक्का मारायची पद्धत रुळली. त्यानंतर नाराज माणसाला एक वाट मिळाली : दोन ठिकाणी शिक्का मारायचा किंवा कोरीच घडी घालून टाकायची. मत बाद. अडचण अशी की बाद मतांत रागानं बाद केलेली आणि चुकून बाद झालेली, दोन्ही एकत्र मोजली गेली. ती वेगळी काढायचा मार्ग आज आपल्याकडे नाही.

२००४ च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रं आली आणि ही वाटही बंद झाली, कारण यंत्रावर मत बाद करता येत नाही. उरला १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-ओ. मतदान केंद्राध्यक्षाला सांगायचं की मला मत द्यायचं नाही, तो नोंदवहीत शेरा मारणार, त्यावर तुमची सही किंवा अंगठा. आता लहान गावात विचार करून बघा. केंद्रात चारही पार्ट्यांचे पोलिंग एजंट बसलेले, त्यांच्यासमोर "मला कुणीच नको" म्हणून सही करायची. किती जण करतील?

२७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएलच्या याचिकेवर निकाल दिला आणि नेमका हाच गुप्ततेचा मुद्दा धरला. मत देणाऱ्याचं मत गुप्त राहतं, तर न देणाऱ्याचंही राहिलं पाहिजे. त्यातून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं. या बटणामुळे पक्षांना चांगले उमेदवार देणं भाग पडेल, अशी आशाही निकालात व्यक्त झाली.

विधानसभा-लोकसभेला मात्र या बटणाला दात नाहीत. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं असलेला उमेदवार निवडून येतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९७० च्या दशकापासून असाच पर्याय मतपत्रिकेवर आहे आणि तिथंही नियम असाच आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत 'यांपैकी कोणीही नाही' या पर्यायानं निकी हेली यांना मागे टाकलं. देशभर चर्चा झाली, पण त्यातून कायद्यानं काही घडलं नाही.

मोठे आकडे कुठे दिसतात?

२०१४ च्या लोकसभेला देशभरात नोटाला साठ लाखांच्या आसपास मतं पडली, म्हणजे सुमारे १.१ टक्के. २०२४ ला हे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित खाली होतं. बाजारात "सगळे सारखेच" म्हणणारी माणसं एक टक्का नक्कीच नाहीत. मग बाकीची कुठे जातात? बहुतेक जण दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कुणाला तरी मत देतात, काही जण मतदानाला जातच नाहीत.

आता अपवाद बघा. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मतं मिळवून निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता : २७,५०० मतं. शिवसेनेचा उमेदवार तिसरा. सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्ये काँग्रेसचे विश्वजित कदम विजयी आणि दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा नोटा, २०,६३१ मतं. इथंही शिवसेना तिसरी. हे आकडे घेऊन "मतदार भ्रष्ट राजकारणाला कंटाळले" असं लिहायचा मोह होतो. पण युतीच्या जागावाटपात या दोन्ही जागा भाजपऐवजी शिवसेनेला गेल्या होत्या आणि स्थानिक भाजप कार्यकर्त्यांची नाराजी तेव्हाच बातम्यांत येत होती. म्हणजे या आकड्यात सामान्य मतदाराचा वैताग किती आणि मित्रपक्षाचा रुसवा किती, हे मतदान केंद्रनिहाय तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

२०२४ ला इंदूरमध्ये तर नोटाला २,१८,६७४ मतं पडली. काँग्रेसच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली होती आणि मग काँग्रेसनंच लोकांना नोटा दाबायचं आवाहन केलं.

तिन्ही ठिकाणी धागा एकच दिसतो. नोटाचा आकडा मोठा होतो तो नाराजीला कुणीतरी संघटित वळण दिल्यावर. एकट्यादुकट्याची नाराजी त्या एक टक्क्यात विरून जाते.

जिथे मतदानच झालं नाही

आता याच पलूस-कडेगावचा एक वर्ष आधीचा आकडा काढा. पतंगराव कदम यांच्या निधनानंतर मे २०१८ मध्ये इथं पोटनिवडणूक लागली. भाजपच्या उमेदवारानं माघार घेतली आणि विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले. त्या निवडणुकीतली नोटाची मतं किती? तक्त्यात तुम्ही काय लिहाल, शून्य?

शून्य लिहिलंत तर तुमचा तक्ता म्हणेल की २०१८ ला या मतदारसंघात कुणीही नाराज नव्हतं आणि सतरा महिन्यांत वीस हजार माणसं नाराज झाली. हे सरळसरळ खोटं चित्र आहे. २०१८ ला मतदान झालंच नाही, त्यामुळे त्या रकान्यात 'नोंद नाही' एवढंच लिहिता येतं.

२०२४ ची जोडी याहून बोलकी आहे. सुरतमध्ये काँग्रेसचा अर्ज छाननीत बाद झाला, उरलेल्या सगळ्या उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. इंदूर आणि सुरत, दोन्हीकडे मुख्य प्रतिस्पर्धी गेला. इंदूरमध्ये इतर उमेदवार राहिल्यानं मतदान झालं आणि नोटाची सव्वादोन लाखांच्या घरातली नोंद झाली. सुरतमध्ये मतदान नाही, म्हणून नोंदही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ५३ सांगतं की जागा एक आणि उमेदवारही एकच उरला, तर त्याला निवडून आल्याचं जाहीर करायचं. नोटा या हिशोबात उमेदवार धरला जात नाही.

आपल्या शेजारचं उमराणे

हे लांबचं वाटत असेल तर बागलाणला लागून असलेल्या देवळा तालुक्यात या. उमराणे म्हटलं की कांद्याचा बाजार आठवतो. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती, १५ तारखेला मतदान होतं. त्याआधी उमराण्यातल्या लिलावाच्या चित्रफिती बाहेर आल्या. गावात मंदिराच्या कामासाठी बोली लागली होती, ती दोन कोटी पाच लाखांवर थांबली आणि बदल्यात निवडणूक बिनविरोध करायची असं ठरल्याचं समोर आलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही तसंच, तिथं बोली बेचाळीस लाखांची. राज्य निवडणूक आयोगानं १३ जानेवारीला दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. गावाला हा पैसा कुणाच्या खिशात जाताना दिसत नव्हता. देवाच्या कामाला जाणार, भांडणं टळणार, निवडणुकीचा खर्च वाचणार, असा हिशोब होता. बिनविरोध निवडीला आपल्याकडे प्रतिष्ठाही आहे. गुजरातेत 'समरस' गावांना सरकार अनुदान देतं, आपल्याकडे आमदार अशा गावांना निधी जाहीर करतात. त्यामुळे बोली बोलणाऱ्यांना सरसकट खलनायक करून प्रबंध लिहिता येणार नाही. पण ज्याच्याकडे ना पैसा ना पॅनेल, अशा शेतमजुराच्या दृष्टीनं बघा. त्याचं एक मत हीच त्याची बोली होती, आणि ती लागायच्या आधीच सौदा झाला. त्याला हा सौदा मान्य होता की नव्हता, हे कुठल्याच कागदावर आलं नसतं. चित्रफीत बाहेर आली नसती तर सरकारी दप्तरात एकच शब्द राहिला असता : बिनविरोध.

म्हणजे प्रत्येक बिनविरोध गावात दडपणच असतं का? नाही. त्याच जानेवारीत नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये जवळपास तीस वर्षांनी पहिल्यांदा मतदान झालं आणि पोपटराव पवारांच्या पॅनेलनं सातही जागा जिंकल्या. तिथली सहमती मतपेटीतून तपासली गेली. इतर गावांबद्दल आपण 'होय'ही म्हणू शकत नाही आणि 'नाही'ही.

गंमत अशी की नोटाला थोडे दात फुटले ते स्थानिक निवडणुकांतच. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं आदेश काढला की स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणालाही विजयी घोषित करायचं नाही, पुन्हा निवडणूक घ्यायची. यामागं पुणे जिल्ह्यातल्या मानकरवाडीसारखी उदाहरणं होती, जिथं ३३० वैध मतांपैकी २०४ नोटाला गेली होती. पण हा अधिकार वापरायला मतदान तर व्हायला हवं. उमराण्याच्या बोलीनं नेमकं तेच टळणार होतं.

मग काम करायचं कसं?

एक, निकालपत्राच्या आधीचे कागद बघा. विधानसभा-लोकसभेसाठी नमुना ७-अ मध्ये रिंगणात उरलेल्या उमेदवारांची यादी असते. त्याला अर्ज भरलेल्यांची आणि माघार घेतलेल्यांची यादी जोडून ठेवा. किती जणांनी अर्ज भरला, किती उरले, शेवटच्या दिवशी किती गेले, यावरून पर्याय कुठे आटला ते दिसतं. मतदान केंद्रनिहाय मतं नमुना २० मध्ये मिळतात. नामपूर परिसरातल्या ग्रामपंचायतींच्या कागदांसाठी सटाण्याच्या तहसील कार्यालयात जावं लागेल.

दोन, तक्त्यात 'शून्य' आणि 'नोंद नाही' यांना वेगवेगळी खूण द्या. छोटी गोष्ट वाटते, पण सरासरी काढताना यानं निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

तीन, माघारीच्या दिवसाच्या आसपासची वर्तमानपत्रं चाळा. 'देशदूत', 'गावकरी' यांच्या जुन्या अंकांत "अमुक गाव बिनविरोध" अशा दोन ओळींच्या बातम्या असतात. ती बातमी कौतुकाच्या सुरात आहे की वादाच्या, हे टिपून ठेवा.

चार, माणसांशी बोला, पण "तुम्ही नाराज होता का" असं विचारू नका. "त्या साली अर्ज कुणी कुणी भरला होता? मग काढला का?" असं विचारा. माणसं मतापेक्षा घटना जास्त नेमकी सांगतात. आणि नावं गुप्त ठेवा. ज्या गावात ४९-ओ वर सही करायची हिंमत होत नव्हती, तिथं तुमच्या प्रबंधात नाव छापून यायचीही भीती असणारच.

एखाद्या तालुक्यातल्या गेल्या चार-पाच ग्रामपंचायत निवडणुकांमधली बिनविरोध गावं आणि तिथल्या माघारी, एवढा विषय एका लघुप्रबंधाला पुरेसा आहे. बागलाण, देवळा, कळवण, कुठलाही तालुका घ्या. कुणी हाती घेत असेल तर खाली कळवा, तक्त्याचा नमुना पाठवतो.