मोजणीदाराचा नातू

मंडणगड तालुक्यात जमिनीची मोजणी निघाली की अजूनही अर्धी वाडी बांधावर जमते. कुणाचा काही संबंध नसला तरी जमते. भूकरमापक येतात, हातातली रोव्हरची काठी कोपऱ्याकोपऱ्यावर टेकवतात, यंत्र पीं करतं, आणि चहा उकळेपर्यंत निम्मं काम आटपलेलं असतं. मग एखादे आजोबा हमखास म्हणतात, "आमच्या वेळी साखळी पडायची."

ही साखळी 33 फुटांची. तिचे सोळा भाग, आणि एकेका भागाला म्हणायचं आणा. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. गुंठ्याला 1,089 चौरस फूट हा अडनिडा आकडा कुठून आला असं पोरं विचारतात. 33 गुणिले 33, एवढंच त्याचं गुपित. लोखंडाची साखळी कधीच गंजून गेली, पण सातबाऱ्यावर ती अजून सरपटते आहे.

साखळीची आठवण काढायचं कारण म्हणजे तिचा एक नातू. एखादी मूर्ती, तोफ, तटाचा बुरूज किंवा अख्खं देऊळ लांबी-रुंदी-खोलीसकट संगणकात उतरवणारा लेसर स्कॅनर आता सगळ्यांच्या ऐकण्यात आहे. बहुतेकांना तो कॅमेऱ्याचा चुलतभाऊ वाटतो. पण त्याचं घराणं वेगळं आहे. कॅमेरा बघतो, स्कॅनर मोजतो. फोटोतलं जातं हाताएवढं आहे की गाडीच्या चाकाएवढं, हे फोटोला स्वतःला ठाऊक नसतं. म्हणून तर आपण शेजारी रुपयाचं नाणं ठेवतो. स्कॅनरला नाणं लागत नाही. तो मोजणीदाराच्या वंशातला.

त्याच्या नावातसुद्धा मोजणी आहे. 'स्कॅन' हे इंग्रजी क्रियापद ज्या लॅटिन धातूपासून निघालं त्याचा अर्थ चढणे. इंग्रजीत ते आधी वापरलं गेलं कवितेसाठी. ओळीतल्या आघातांची पावलं मोजायची, म्हणजे आपण लघु-गुरू पाडून यमाताराजभानसलगा लावतो तेच काम. पुढे अर्थ सरकत सरकत 'बारकाईने पाहणे' झाला, आणि विसाव्या शतकात चित्र ओळीओळीने वाचणाऱ्या यंत्रांना तो चिकटला. लेसर त्या मानाने अगदी कालचा. त्याच्या मुळाशी असलेली उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना आइनस्टाइनने 1917 मध्ये मांडली, आणि थिओडोर मेमनने 16 मे 1960 रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढून दाखवला. आपल्या कामापुरता या किरणाचा एकच गुण महत्त्वाचा: तो बॅटरीच्या झोतासारखा पसरत नाही, दूरवर बारीकच राहतो. मोजणाऱ्याला याहून चांगली दोरी कोणती मिळणार?

या घराण्याच्या दोन पात्या आहेत. थोरली पाती कोनाची, धाकटी वेळेची.

थोरल्या पातीचा एक नामांकित पुरुष आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत विसावला आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन. त्याने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी खोक्यांत सरळ ताणून, ऊन-सावलीने ती किती वाढते-आखडते याचा हिशेब ठेवत साडेसात मैलांची एक रेष. एवढी रेष पक्की झाली की पुढे साखळी ओढायची गरज नाही. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे दुर्बिणीने पाहायचं, दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण कळला, म्हणजे टेकडीचं अंतर कळलं. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती पडलं, सुटून आलं, आणि 1808 मध्ये तंजावरला देवळावर चढवताना दोर तुटून आपटलं. लॅम्बटनने ते स्वतः बसून पुन्हा सरळ केलं. 20 जानेवारी 1823 रोजी वर्ध्याकडच्या हिंगणघाटला काम चालू असतानाच तो गेला. त्याची कबर तिथेच आहे.

आता त्याचा तो साडेसात मैलांचा पाया वीतभर करा. एका टोकाला दुर्बिणीऐवजी लेसर ठेवा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. झाला स्कॅनर तयार. खरंच, तत्त्व म्हणून याहून जास्त काही नाही. पटत नसेल तर दुपारी पडवीत बसून कवडसा बघा. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी शेणाने सारवलेल्या जमिनीवर सरळ असते. वाटेत जातं आलं की ती त्याच्या कडेला अंग चोरते, वर चढते, पाळूवरून वळते, खुंट्यापाशी मोडते आणि पलीकडे उतरून पुन्हा आपल्या वाटेला लागते. दारातून पाहिलं तर हे वाकणं दिसत नाही, बाजूला बसून पाहिलं तरच दिसतं. पट्टी किती वाकली यावरून जातं तिथे किती उंच आहे ते निघतं. स्कॅनर तेवढंच करतो, फक्त उन्हाची वाट न बघता पट्टी स्वतः पाडतो, ती वस्तूवरून केसाकेसाने सरकवतो आणि जागोजागी तोच हिशेब लाखो वेळा करतो. हाती येतो तो नुसता ठिपक्यांचा थवा, या धंद्यातले लोक ज्याला पॉइंट क्लाउड म्हणतात. ठिपक्याला ठिपका जोडून त्रिकोण विणले की वस्तू उभी राहते. बघा, पुन्हा त्रिकोणच.

1980 नंतर कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत मार्क रियू यांनी असे स्कॅनर घडवले; अमेरिकेत सायबरवेअर नावाच्या कंपनीची यंत्रं सिनेमातल्या नटांची डोकी मोजू लागली. 1994 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी मातीचा एक ससा स्कॅन केला. दहा बाजूंनी घेतलेली मापं जोडून 69,451 त्रिकोणांचा हा ससा संगणक-चित्रकलेच्या पिढ्यान् पिढ्यांनी सरावाला घेतला. आपल्याकडे चित्रकलेचा श्रीगणेशा डोंगर, सूर्य आणि झोपडीने होतो, तसा तिकडे या सशाने.

पण खरी गंमत फ्लॉरेन्सला झाली. 1998-99 च्या हिवाळ्यात लेव्हॉय यांची तुकडी मायकेलअँजेलोचा डेव्हिड मोजायला गेली. पुस्तकांत पुतळ्याची उंची 4.34 मीटर छापलेली, त्या बेताने त्यांनी यंत्राचा मनोरा बांधून नेला. प्रत्यक्षात पुतळा भरला 5.17 मीटर! कलेच्या इतिहासकारांनी जगातल्या या अतिप्रसिद्ध दगडावर भरभरून लिहिलं, पण टेप लावला नव्हता. मनोरा वाढवावा लागला. मग 30 रात्री, 22 माणसं, सुमारे 200 कोटी त्रिकोण, पाव मिलिमीटरची बारकाई. छिन्नीचे दात कुठे फिरले तेही दिसावं इतकी.

धाकटी पाती वेळेची. दरीत हाक मारली आणि दोन सेकंदांनी परत आली, तर समोरचा कडा साधारण 340 मीटरवर आहे, हे गुराख्याचं गणित. हाकेच्या जागी किरण घ्या. अडचण इतकीच की प्रकाश सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात फूटभर पळतो, त्यामुळे घड्याळही तितकंच तल्लख लागतं. ते जमल्यावर वीतभर पायाचं बंधन सुटलं. अख्खा किल्ला आवाक्यात आला. मोसूलमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते बेन कासिरा (Kacyra) यांनी 1990 च्या दशकात असं वाहून नेता येणारं यंत्र बाजारात आणलं, ते कारखान्यांच्या नळ्या आणि पूल मोजण्यासाठी. मार्च 2001 मध्ये तालिबानने बामियानचे बुद्ध उडवले. कंपनी विकून मोकळे झालेल्या कासिरांनी 2003 मध्ये सायआर्क ही संस्था काढली. काम एकच: वास्तू पडण्याआधी तिचं माप घेऊन ठेवायचं. पाटणची राणी की वाव 2011 मध्ये स्कॉटलंडच्या तज्ज्ञांनी सायआर्कच्या साथीने स्कॅन केली. तीच ती, खिशातल्या जांभळट शंभराच्या नोटेवरची.

मराठी माणसाचं या यंत्राशी सर्वांत मोठं काम पडलं ते मात्र जतनासाठी नव्हे, वाढवण्यासाठी. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. उमेदीच्या काळात त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम केलं होतं. सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी आधी 3 फुटी, मग 18 फुटी, मग 30 फुटी नमुना झाला. तो मंजूर झाल्यावर त्याचं त्रिमितीय स्कॅनिंग करून 182 मीटरच्या पुतळ्यावरचे ब्राँझचे पत्रे त्या आधारे ओतले गेले. वीस पट वाढ. नमुन्यात नाकाशी एक मिलिमीटर इकडे-तिकडे, तर वर आभाळात दोन सेंटिमीटर. पूर्वी हे काम कंपास आणि पॉइंटिंगच्या चौकटीने, ठिपका ठिपका मोजून होई. म्हणजे शिल्पकारही या यंत्राच्या आधीपासून मोजणीदारच होता.

आता आपल्या दाराशी येऊ. कोकणातला दगड किरणाला कसा वाटतो? संगमरवर फसवा, प्रकाश त्यात किंचित आत शिरून बाहेर येतो, डेव्हिडच्या वेळी तो त्रास झालाच. घासलेलं पितळ तर किरण भलतीकडेच भिरकावतं, त्यावर पांढरी पूड मारावी लागते. देवाच्या मुखवट्याला ती मारायला गुरव तयार होईल का, हे तुम्हीच ठरवा. जांभा प्रामाणिक. खरखरीत, न चमकणारा, पडलेला किरण चारी दिशांना सारखा परत देणारा. बाणकोटच्या किल्ल्याचा तट जांभ्याचाच. याच हिम्मतगडाचा इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया केला तरी दगड तोच राहिला. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तीही जांभ्यातच कोरलेली. कशेळीचा हत्ती 18 मीटर लांब, शेजारी उभं राहून तो दिसतच नाही. ड्रोनचा फोटो त्याचा आकार दाखवतो. पण रेघ आज किती खोल आहे आणि दर पावसाळ्यात किती बुजते, हे सांगायला मापच हवं. फक्त जून ते सप्टेंबर यंत्र गुंडाळून ठेवायचं. ओला, काळवंडलेला जांभा किरण गिळतो.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोलीतली कौलं, वासे, माड्या किती नेल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. सरकारी पंचनाम्यात नुकसान लिहिलं गेलं. घर कसं होतं, ते नाही. माजघराची उंची, खांबावरचं कमळ, देवघराच्या कोनाड्याची महिरप, सगळं आठवणीवर. त्याच वर्षी महागड्या मोबाइलमध्ये लेसरचं छोटं यंत्र येऊ लागलं होतं.

तसला एक मोबाइल मी उसना घेऊन घरच्या जात्याभोवती फिरलो. तीन प्रदक्षिणा. पडद्यावर जे उमटलं ते बऱ्यापैकी मोठ्या मेदुवड्यासारखं होतं. टाकीचे घाव गुळगुळीत, खुंट्याची जागा बुजलेली. एवढ्या लहान वस्तूसाठी ते यंत्र नाही, त्याची चूक सेंटिमीटरात असते. मग तोच मोबाइल घेऊन ओटीपासून परसदारापर्यंत चाललो, आणि घर मात्र ठीक आलं. पडवीची रुंदी टेपने ताडून पाहिली, बोटभर फरक.

तेव्हा जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा बेत असेल, तर एक करा. ओळखीत कुणाकडे असा मोबाइल असेल त्याला एक दुपार बोलवा. भांडीकुंडी हलवा, दारं उघडी ठेवा, सावकाश चालायला सांगा. एक भिंत टेपनेही मोजून आकडा लिहून ठेवा. फाइलच्या नावात गाव, वाडी आणि तारीख घाला, आणि ती मुंबईच्या भावाकडेही पाठवून द्या.