पेठ, परपेठ आणि पेमेंट गेटवे

१९५९ साली नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात काही नोटा अशा छापल्या गेल्या, की त्या खुद्द नाशिकच्या बाजारात चालत नव्हत्या. होत्या त्या रुपयाच्याच. पण रंग वेगळे आणि क्रमांकाच्या आधी ‘झेड’ हे अक्षर. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान या मुलखांत तोवर भारतीय रुपयाच चलन म्हणून वापरात होता. चोरट्या सोन्याच्या मोबदल्यात इथल्या नोटा आखातात जात आणि तिथून परकीय चलनाची मागणी घेऊन परत येत. ती गळती थांबवण्यासाठी सरकारने आखातापुरता निराळा रुपया काढला. तो फार काळ टिकला नाही. कुवेतने १९६१ साली आपला दिनार आणला, बहारीनने १९६५ साली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. मग कतार-दुबईनेही रुपया सोडला आणि १९७०पर्यंत ओमानही त्यातून बाहेर पडला.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला हा छापखाना शेजारचा. आखाती रुपयाची ही छोटी हकीगत मला एका मोठ्या प्रश्नाचे तोंड वाटते. परमुलखातला पैसा आपल्या हाती येतो तो कोणाच्या भरवशावर? कागदावर आकडा असतो, सही असते. पण तो कागद घेणारा उद्या घेईनासा झाला तर दाद कोणाकडे मागायची?

हा प्रश्न आज पुन्हा घरोघरी आला आहे. लॅम रोडच्या आसपास एखाद्या खोलीत शिवणयंत्र मांडून पैठणीच्या काठांच्या पिशव्या करणारी मुलगी आता न्यू जर्सीच्या आणि लंडनच्या मराठी घरांत माल पाठवते. माल टपालाने किंवा कुरिअरने जातो. पैसा मात्र ‘पेमेंट गेटवे’ नावाच्या मध्यस्थामार्फत येतो. तो गिऱ्हाइकाच्या कार्डावरून रक्कम उचलतो, आपली दलाली कापतो आणि उरलेली रक्कम रुपयांत बदलून बँकेत जमा करतो. अशाच एका शेजारच्या मुलीने तीन कंपन्यांची दरपत्रके माझ्यापुढे ठेवून विचारले, ‘यातली स्वस्त कोणती?’ हुंड्यांच्या इतिहासात वर्षानुवर्षे डोके घातलेल्या माणसाला तो प्रश्न अपुरा वाटला. जुन्या सराफाने दराचा प्रश्न विचारला असता. पण सगळ्यात शेवटी.

आधी दराचेच पाहू. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने सुरतेवर लिहिलेल्या हुंड्यांची हुंडणावळ नोंदवून ठेवली आहे. लाहोरहून सव्वासहा टक्क्यांपर्यंत, आग्ऱ्याहून सव्वाचार ते पाच, अहमदाबादहून एक ते दीड. अंतर आणि धोका वाढला की दर चढे. आज परदेशी कार्डावरून छोट्या विक्रेत्याकडे येणाऱ्या पैशावर दलाली आणि चलनबदलातली कसर मिळून चार-पाच टक्के सहज जातात. तेव्हा कासद पायी चालत असे. आज निरोप डोळ्याचे पाते लवायच्या आत पोचतो. तरी भाव आग्ऱ्याच्या हुंडीचाच! याचा अर्थ असा, की पैसा वाहून नेण्याला फारसे मोल नाही. मोल आहे ते वाटेत काही बिनसले तर ते निस्तरण्याचे. म्हणून मध्यस्थ निवडायचा तो बिनसल्यावर तो काय करतो ते पाहून.

हुंडीची सारी परिभाषा या बिनसण्याभोवती उभी आहे. हुंडी म्हणजे एका पेठेतल्या सावकाराने दुसऱ्या पेठेतल्या आपल्या आडत्यावर लिहिलेली चिठ्ठी : अमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे पेठेत ज्याची पत आहे अशा शाहालाच मिळत. चोराच्या हाती कागद लागला तरी तो वटवायला त्याला कोणी प्रतिष्ठित माणूस शोधावा लागे. आजचा संकेतांक आणि मोबाइलवर येणारा आकडा जे काम करतो, ते तिथे एका माणसाची ओळख करी.

हुंडी हरवली तर लिहून देणारा तिची दुसरी प्रत देई, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’. तीही गेली तर ‘मेजरनामा’. ज्याच्यावर लिहिली तो पैसे द्यायला नाकबूल झाला तर? त्यासाठी काही वेळा हुंडीबरोबर ‘जिकरी’ चिठ्ठी असे : त्याच गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला विनंती, की वेळ आली तर आमची लाज राखा. शिवाय नाकारल्याची भरपाई म्हणून ‘नकराई’ वसूल होई. तिचा दर त्या त्या पेठेच्या रिवाजाने ठरलेला. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांबाबतचे स्थानिक रिवाज त्यांनी मुद्दाम अबाधित ठेवले.

सगळ्यात बोलका प्रकार ‘जोखमी’ हुंडीचा. ही गलबतावर चढवलेल्या मालावर लिहीत. माल सुखरूप पोचला तरच पैसे मिळायचे. बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडाले. अर्थात तो आधीच जादा कसर कापून घेई. हुंडी आणि विमा एकाच कागदात! जोखीम कोणाची, हे माल निघण्याआधी ठरलेले असे.

आता आजच्या कार्डाकडे पाहा. अमेरिकेने १९७४ साली केलेल्या एका कायद्यानुसार क्रेडिट कार्डाच्या बिलातल्या रकमेला हरकत घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला मिळाला आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांनी ती रीत जगभर पोचवली. माल मिळाला नाही किंवा सांगितल्यासारखा नाही, अशी तक्रार गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे करते. रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून मागे ओढली जाते आणि ठरावीक दिवसांत पुरावा द्यायची जबाबदारी विक्रेत्यावर येते. हीच ‘चार्जबॅक’. गिऱ्हाइकाच्या बाजूने ही रीत न्याय्यच आहे. पण जोखमी हुंडीत विक्रेता कसर देऊन मोकळा होई. इथे तो दलालीही देतो आणि बहुतेक वेळा जोखीमही त्याच्याच पदरी राहते. म्हणून माल पोचल्याची सही, पाठवलेल्या वस्तूचा फोटो, गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवणे, ही आजची पेठ आणि परपेठ. ती विक्रेत्याने स्वतःच लिहून ठेवायची असते.

हुंडीच्या जगाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. ती पत जातीची, नात्याची, गावाची होती. शिकारपूरच्या सिंधी सावकारांच्या हुंड्या बुखाऱ्यापर्यंत चालत; सिंधमधल्याच हैदराबादच्या व्यापारी पेढ्या जपानपासून पनामापर्यंत पसरल्या होत्या. दूरच्या दुकानातला गुमास्ता बहुधा गावाकडचाच असे आणि त्याचे घरदार मालकाच्या नजरेसमोर असे, तेच तारण. पिशव्या शिवणाऱ्या एकट्या मुलीला या व्यवस्थेत कोणी उभे केले नसते. अशांसाठी पहिले दार उघडले ते टपालखात्याने. १८७७ साली व्ही. पी. आली आणि १८८० साली मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. पत्ता असला की पुरे. पत लागत नसे. मराठी पुस्तके आणि मासिके गावोगाव पोचली ती या व्ही. पी.च्या आधाराने, हे दिवाळी अंकाच्या जुन्या वर्गणीदारांना सांगायला नको. आजचा गेटवे या टपालखात्याचा वारस आहे. तो पॅन आणि बँकखाते विचारतो, कुळ विचारत नाही. हे त्याचे मोठे पुण्य.

मात्र एक जोखीम अशी, की तिच्यावर हुंडीकडेही उतारा नव्हता. ती म्हणजे राज्यकर्त्याचा हुकूम. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर मध्य आशियातला शिकारपुरी सावकारांचा धंदा बुडाला. कोणताही मेजरनामा तिथे कामी आला नसता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची एक छावणी आमच्या देवळालीत होती. घर, दुकान, जमीन मागे राहिली होती. ज्यांच्या पेढीच्या शाखा परदेशी होत्या, त्यांना पुन्हा उभे राहायला निदान एक आधार होता. ज्यांचे सगळे एकाच गावात गुंतले होते, त्यांना तोही नव्हता.

आपल्या काळातही याचे लहान रूप दिसले. फेब्रुवारी २०१० मध्ये पेपाल या कंपनीने भारतातले वैयक्तिक देणे-घेणे आणि इथल्या बँकांत पैसे काढण्याची सोय एकाएकी थांबवली. परदेशी गिऱ्हाइकांसाठी काम करणाऱ्या अनेक छोट्या लोकांचे पैसे अडकले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने अशा मध्यस्थांसाठी नियम काढले : निर्यातीचा एक व्यवहार ५०० डॉलरपर्यंतच. १ मार्च २०११पासून पेपालच्या भारतीय खातेदारांना जमा रक्कम सात दिवसांत बँकेत वळती करण्याचे बंधन आले. मर्यादा पुढे २०११ साली ३,००० आणि २०१३ साली १०,००० डॉलर झाली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सीमेपलीकडचे व्यवहार करणाऱ्या मध्यस्थांना थेट आपल्या देखरेखीखाली आणले आणि प्रत्येक नगाची कमाल किंमत २५ लाख रुपये ठरवली.

सात दिवसांत पैसे काढा, हा नियम तेव्हा अनेकांना जाच वाटला. मला त्यात जुन्या सराफाचे शहाणपण दिसते. परक्याच्या तिजोरीत आपली शिल्लक पडू देऊ नये. गेटवेच्या खात्यात दिसणारा आकडा हा अजून पैसा नव्हे. ती न वटलेली हुंडी आहे. ती आपल्या बँकेत रुपये होऊन आली, परकीय चलन मिळाल्याचा दाखला हाती पडला, की मग ती वटली. हा दाखला नसेल तर निर्यात झाली हे करखात्याला पटवणे अवघड जाते.

म्हणून ‘स्वस्त कोणती’ या प्रश्नाआधी चार प्रश्न विचारावेत. पैसा अडकला तर बोलायला माणूस आहे का, की फक्त आपोआप येणारी उत्तरे? गिऱ्हाइकाने हरकत घेतली तर कोणता पुरावा, किती दिवसांत द्यायचा, आणि हरलो तर वर दंड किती? रक्कम माझ्या बँकेत किती दिवसांनी येते, कोणत्या भावाने, आणि दाखला मिळतो का? आणि चौथा : ही वाट उद्या बंद झाली तर दुसरी कोणती उघडी आहे? मोठ्या मागणीसाठी थेट बँकेतून येणारा पैसा, किरकोळ विक्रीसाठी गेटवे, अशा दोन वाटा ठेवणे महाग वाटले तरी तीच आपली जिकरी चिठ्ठी. या चार प्रश्नांची उत्तरे सारखी आली, तर मग खुशाल अर्धा टक्का वाचवावा.

हुंडी वटून हिशेब चुकता झाला की त्या कागदाला ‘खोका’ म्हणत. सराफ तो टाकून देत नसे, जपून ठेवी. उद्या वाद उठला तर तोच साक्षीदार. नाशिकरोडला छापलेल्या आखाती नोटा आज नाणेसंग्राहकांच्या वह्यांत आहेत. त्यांचे वचन पाळणारी पेठ केव्हाच उठली. छोट्या व्यापाऱ्याने या दोन कागदांतला फरक ध्यानात ठेवावा. पहिल्यामागे जबाब देणारे माणूस होते. दुसऱ्यामागे एक हुकूम होता, आणि हुकूम बदलतो.