झुंजार, काळा पहाड आणि आपला वाचक

मराठी वाङ्मयाचा कोणताही इतिहास उघडा. त्यात हरिभाऊ आपटे भेटतील, फडके भेटतील, आपल्याच किनाऱ्यावर शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ पर्यंत शिकवणारे खांडेकर तर भेटतीलच. पण त्या काळानंतर देवगड-कुणकेश्वरच्या घरांत, ओटीवर कंदील ठेवून, रात्री जे खरोखर वाचले जात होते, ते या इतिहासात शोधूनही सापडायचे नाही. ती पुस्तके होती गुप्तहेरांची. त्यांना इतिहासकारांनी वाङ्मयाच्या पंक्तीला बसवले नाही, आणि म्हणून ती वाचणाऱ्यांची मतेही कोणी टिपून ठेवली नाहीत.

या पुस्तकांचे सर्वांत मोठे कर्ते बाबूराव अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. एका माणसाने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, ही गोष्ट आज ऐकतानाही खरी वाटत नाही. त्यांचा धनंजय हा खाजगी गुप्तहेर, छोटू त्याचा जोडीदार. शिवाय झुंजार आणि काळा पहाड. या दोघांची रीत अशी की कायद्याची चौकट ओलांडायची, पण गरिबाच्या केसाला धक्का लावायचा नाही. पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. पण 'झुंजार' म्हटल्याबरोबर डोळे चमकतात ते आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांचे.

ही पुस्तके गावात येत कशी? मुंबईची आगबोट देवगडच्या बंदराला लागे, आणि चाकरमान्याच्या ट्रंकेतून, साबणवड्या आणि धोतरजोड्यांच्या खालून, दोन-चार पुस्तके निघत. गणपतीला आलेले पुस्तक महाशिवरात्रीच्या जत्रेपर्यंत साऱ्या वाडीत फिरून येई. ज्याला वाचता येत नसे तो ऐकायला बसे. घरची म्हातारी ओरडे, "मेल्या, रातभर दिवो कित्या जाळतंस?" आणि थोड्या वेळाने तीच विचारी, "मगे काय झाला?" माझ्या मते या ग्रंथांवरची पहिली समीक्षा ती हीच. दुसरी समीक्षा त्याहून थोडक्यात होई: "चोर कोण ता आधी सांगा नको हां!"

शिक्षकांचे मत मात्र उलट. भाषा बिघडते, अभ्यास बुडतो, मन चळते. आक्षेप अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. घाईत लिहिलेल्या पानांत एकच प्रसंग नाव बदलून पुन्हा भेटतो, हे चाणाक्ष वाचकाच्याही ध्यानात येई. पण बाकाखाली धरून वाचलेल्या त्या पानांनी किती मुलांना मजकूर भरभर वाचायची सवय लावली, हा हिशेब कोणी मांडला नाही.

असाच वाद अमेरिकेत झाला, पण तिथे तो छापला गेला. एडमंड विल्सन नावाच्या नामवंत टीकाकाराने १९४४ साली, लोक गुप्तहेरकथा वाचतात तरी कशाला, असा लेख लिहिला. त्याच्यावर वाचकांच्या पत्रांचा मारा झाला. पत्रांत सुचवलेली पुस्तके त्याने वाचली, आणि १९४५ साली दुसऱ्या लेखात पुन्हा तोच निकाल दिला. सूट मिळाली ती मुख्यतः रेमंड चँडलर या एकाला. पुढे १९४८ साली ऑडन या कवीने तर चँडलरची पुस्तके कलाकृती म्हणून वाचावीत असे लिहिले. वाचकाने टीकाकाराला उत्तर दिले, आणि टीकाकाराने ते ऐकून घेतले. आपल्याकडे हे घडले नाही याचे मला वाईट वाटते.

चँडलर ज्या पंथाचा, त्याचा थोरला डॅशिएल हॅमेट. या कथांना तिकडे हार्डबॉइल्ड म्हणतात, म्हणजे टणक उकडलेल्या अंड्यासारख्या. हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीत नोकरीला होता. ही कंपनी मालकांना संप मोडायला माणसे पुरवी. गिरणीत काम केलेल्या आपल्या चाकरमान्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या हॅमेटच्या 'माल्टीज फाल्कन' या कादंबरीत सगळे एका मौल्यवान ससाण्याच्या पुतळ्यामागे धावतात आणि तो शेवटी शिशाचा निघतो. नायक स्पेड भागीदाराच्या बायकोशी संबंध ठेवतो, पोलिसांशी खोटे बोलतो, आणि जिच्यावर मन बसले तिलाच अखेर त्यांच्या हवाली करतो. शहर होते तसेच सडलेले राहते.

धनंजयावर वाढलेला आपला वाचक हे वाचून विचारील, हा कसला नायक? यावर काही विद्वान म्हणतात की आपला वाचक भाबडा, त्याला जगाची काळी बाजू सोसत नाही. मला हे पटत नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. त्याआधी आणि नंतरही जमिनीच्या दाव्यांसाठी ज्याने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, साक्षीदार एका रात्रीत कसा फिरतो ते पाहिले, त्याला सडलेले शहर नवे नव्हते. ते त्याला घरबसल्या माहीत होते. म्हणूनच पुस्तकात त्याला काळा पहाड हवा होता, जो सावकाराची तिजोरी फोडील आणि सापडणार नाही. अमेरिकन वाचकाने आपल्या जगाचे चित्र मागितले, आपल्या वाचकाने त्या जगावरचा निकाल मागितला. दोघांच्याही मागणीत समज होती.

शिक्षकबंधूंना एक काम सुचवतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. तेव्हापासून आपल्या भागात ग्रंथालयांची परंपरा आहे, आणि १९६७ च्या कायद्यानंतर गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदानही मिळू लागले. तिथली देवघेवीची जुनी वही कोठे उरली असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. कोणते पुस्तक किती हातांत गेले, हे त्या वहीइतके खरे कोणी सांगणार नाही. आणि वाडीतल्या वृद्धांना आताच विचारून ठेवा. कोणता गुप्तहेर आवडला, का आवडला, कोणाकडून वाचायला मिळाला, हे त्यांच्याच शब्दांत, मालवणीत बोलले तर मालवणीतच उतरवा. पुस्तकांची मात्र फार आशा धरू नका. हाताळून हाताळून आधी वेष्टन गेले, मग शेवटचे पान. चोर कोण, हे आता त्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते.