पाळलेल्या सशाचा शेवट जवळ आला, हे कसं ओळखायचं?

ससा दुखणं लपवतो. कण्हत नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसतो, दात करकर वाजवतो. पण १०-१२ तास खाणं आणि लेंड्या बंद झाल्या म्हणजे शेवटच आला, असं नाही. आतडी मंदावली असतील तर उपचारानं तो वाचू शकतो. सकाळपर्यंत वाट पाहणं मात्र महागात पडतं.

आजार बरा होणारा नसेल, औषधानंही वेदना थांबत नसतील, तर डॉक्टर दयामरण सुचवतात. ‘आपोआप शांतपणे जाईल’ ही आशा बहुधा फोल ठरते. उपाशी सशाचं मरण सोपं नसतं. दयामरणात आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस.

जोडीदार ससा असेल तर मृतदेह थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवावा. नाहीतर तो कित्येक दिवस सोबत्याला शोधत राहू शकतो.